डबल कुणी दिली?

अहो, बसमध्ये कसं चढायचं हे मला शिकवता? तीस वर्षं कंडक्टर होतो मी, कोथरूड ते हडपसर! खुब्याचं ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला, म्हणून काय बस विसरलो? असं आठवडाभर घरात ऐकवत होतो. शेवटी बायकोनं, कुसुमनं अट घातली.

"आज नीट गेलो-आलो, तर दर गुरुवारी बसनं जाऊ. गोंधळ झाला, तर मुलाची गाडी! त्याला सवड असेल तेव्हा."

मुलाला सवड म्हणजे थेट दिवाळीत. आणि तिकडे हडपसरला माझा ड्रायव्हर मैनुद्दीन अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला. बावीस वर्षं एका गाडीवर काढली आम्ही. वर्षभर तोंड बघितलं नव्हतं त्याचं. मी लगेच कबूल!

स्टॉपवर बस आली आणि माझा पाय काही उचलेना. परत फिरणार, तेवढ्यात कंडक्टर मुलगी खाली उतरली. छातीवर बिल्ला, अपूर्वा.

"काका, सावकाश. बस कुठे पळून जात नाही."

तिनं मधल्या दाराचा रॅम्प उघडला, माझ्या मागे मागे चालत आली आणि मला सीटवर बसवलं. मागून कुणीतरी कुरकुरला, "आज पोहोचायचंय ना?"

"तुम्हाला म्हातारं व्हायचं नाही का?" अपूर्वा म्हणाली. वा! जीव सुखावला माझा.

मग खाली थांबलेल्या कुसुमला घ्यायला आणि रॅम्प मिटवायला ती पुन्हा खाली उतरली. रॅम्प खाडकन मिटला. तो आवाज ऐकला आणि काय सांगू, अंगात जुना कंडक्टर संचारला! बोटातली अंगठी खांबावर आपोआप वाजली. टण्, टण्, डबल बेल! वर खणखणीत आवाजात मीच, "जाऊ दे!"

दार बंद. बस निघाली. खिडकीतून बघतो तर कुसुम आणि कंडक्टर दोघी फुटपाथवर!

ओरडायचं सुचलंच नाही. गाडी थांबवायची तर एकच ठोका द्यायचा. पण घाबरलेल्या हाताला सवय दोनाचीच! टण्, टण्! बसनं वेग घेतला. पुन्हा टण्, टण्! ड्रायव्हरनं पुढचा स्टॉपच गाळला.

"तिकीट कुणाकडे काढायचं?" एका बाईंनी विचारलं.

"कंडक्टर मागच्या बसनं येतायत," एक गृहस्थ पेपरातून मान न काढता म्हणाले.

नळ स्टॉपच्या सिग्नलला बस थांबली, तेव्हा सगळे एकदम ओरडले. ड्रायव्हर गर्रकन वळला. "मॅडम कुठायत? मग डबल कुणी दिली?"

मी छताकडे बघू लागलो. बाकी सगळी बस माझ्याकडे.

सिग्नलपुढे बस कडेला घेऊन आम्ही वाट बघत बसलो, आणि मला मुक्ताबाई आठवल्या. गुडघे गेलेल्या, फुलांची पाटी घेऊन चढायच्या. त्यांचा दुसरा पाय आत यायच्या आधी मी डबल द्यायचो! पण मैनुद्दीन आरशात बघत बसायचा. "दिग्या, डबल तू दे. गाडी त्या बसल्यावर निघेल." तेव्हा मी चिडायचो. आज खिडकीशी बसून डोळे पुसले.

पाठोपाठ दोघींना घेऊन रिक्षा आली. कुसुम माझ्याकडे न बघता शेजारी बसली.

"चूक माझी आहे, बाई," मी अपूर्वाला म्हणालो. "रिपोर्टमध्ये माझं नाव घाल."

"कशाला काका? आवाज काय भारी आहे तुमचा! मीच दचकले, म्हटलं माझी ड्यूटी कुणी घेतली?" मग वाकून म्हणाली, "नीट बसलात ना? देऊ डबल?" इतक्या वर्षांत मी एकाही पॅसेंजरला हे विचारलं नव्हतं.

हडपसरपर्यंत कुसुम समोरच बघत बसली. माझे सगळे गुरुवार गेले, हे मी धरूनच चाललो होतो. उतरल्यावर ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी याच बसनं यायचं."

"खरंच?" मला वॉकरसकट नाचावंसं वाटलं!

"अपूर्वाशी रिक्षात ठरलंय माझं. आधी मी चढणार, मग तुम्ही. ती म्हणाली, काकू, आधी माणसं घेऊ, सामान शेवटी."

गुरुवार मिळत होता. सामान तर सामान!