हवालदाराची पेशी

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी सात. गुरुग्राम, आमच्या सोसायटीचा सातवा मजला. हजर: सुभेदार शेडगे (निवृत्त), साक्षीदार म्हणून मी, आणि आरोपी हवालदार. हवालदार म्हणजे बोका. वय वर्षं चौदा.

मी आठव्या मजल्यावर राहते आणि सगळ्या गोष्टी वहीत लिहून ठेवते, हे सुभेदारांना ठाऊक आहे. आदल्या दिवशी त्यांनी लिफ्टमध्येच हुकूम सोडला होता, "ताई, उद्या वही घेऊन या. पेशी हाय." पेशी म्हणजे फौजेतली सुनावणी. गुन्हा केलेल्या जवानाला साहेबापुढे उभं करतात, आरोप वाचतात, शिक्षा सांगतात. इथे जवान सोफ्याखाली होता.

"आरोप पहिला," सुभेदार म्हणाले. "सकाळच्या गिनतीला गैरहजर. सहा वाजता खिडकीच्या कट्ट्यावर पाहिजे, तर खालीच बसून राहतो. आरोप दुसरा. घाण ट्रेमध्ये करायची, ती ट्रेच्या बाजूला. तिसरा. दुपारी विनाकारण आरडाओरडा."

"आणि खाणं?"

"खाणं डबल! कामाला मागं, लंगरला पुढं."

सोफ्याखालून बोका बाहेर आला. पाठीचा कणा हाताला लागेल इतका वाळलेला. मी वहीत लिहिलं: खातो दुप्पट, तरी बारीक.

हा बोका मुळात त्यांच्या नातीचा. तिने नाव ठेवलं होतं फ्लफी. मुलगा, सून, नात कॅनडाला गेले तेव्हा बोका इथेच राहिला. दुसऱ्याच दिवशी सुभेदारांनी त्याला शिपाई म्हणून भरती केलं. "फ्लफी म्हणून हाक मारली तर कोण गिनतीला येईल?" मग तो बढत्या घेत घेत हवालदार झाला. मधे एकदा टेबलावरचं दूध सांडलं म्हणून त्याला एक पद खाली, नाईक केलं होतं. आठवड्याने पद परत मिळालं, वर मलईही मिळाली.

सुभेदारांचं सगळंच असं. चपला भिंतीला काटकोनात. ट्रॅकसूटला कडक इस्त्री. लिफ्टपाशी गर्दी झाली की "लाइन से, भाई, लाइन से!" आमच्या टॉवरमधले मोठे मोठे व्हाइस प्रेसिडेंट लॅपटॉपच्या बॅगा सांभाळत मुकाट्याने रांग लावतात. मुलाचा फोन आला की यांचा रिपोर्ट ठरलेला: "संख्या दोन, हजर दोन. बाकी ठीक." फोन संपला.

"याला डॉक्टरकडे न्या," मी म्हटलं.

"सिक रिपोर्ट? अजिबात नाही. तीस वर्षं नोकरी केली, एकदा सिक रिपोर्टला गेलो नाही. सिनियर झालाय तो. सिनियरचं अंग जरा जड होतंच."

"जड कुठे? हलका झालाय. आणि पाणी किती पितो?"

"दिवसाला आठ वेळा. गेल्या महिन्यात पाच होतं," ते ताडकन म्हणाले.

मी खिडकीकडे पाहिलं. कट्ट्याखाली त्यांच्या फौजेतल्या काळ्या ट्रंका एकावर एक, पायऱ्यांसारख्या रचलेल्या होत्या. प्रत्येकीवर घोंगडीचा तुकडा, पाय घसरू नये म्हणून.

"सुभेदारसाहेब, ह्या कोणासाठी?"

"सामान ठेवलंय."

"पायऱ्या करून?"

ते खुर्चीत बसले. त्यांना मी प्रथमच पाठ टेकून बसलेलं पाहिलं.

"मी खेचरांबरोबर होतो, ताई. वर चौकीला राशन न्यायचं. माझं खेचर एकसष्ट नंबर. सहा वर्षं माझ्याबरोबर चढ चढलं. मग गुडघा गेला. डॉक्टरानं बघितलं, कागदावर लिहिलं, दुसऱ्या दिवशी ट्रक आला. कुठं नेलं, मी विचारलंच नाही. विचारायचा धीर झाला नाही." बोका त्यांच्या पायाला अंग घासत होता. "डॉक्टरापुढं उभं केलं की नाव रोलवरनं कटतं."

मी वही मिटली. "मी बरोबर येते. या वेळी विचारायचं. तुमच्याने झालं नाही तर मी विचारेन."

सोमवारी दहाची वेळ घेतली. बोका टोपलीत, टोपली सुभेदारांच्या मांडीवर, आणि मी कॅबच्या पुढच्या सीटवर रुमालात शिंकत. मला मांजराच्या केसांचा त्रास होतो.

डॉक्टर जेमतेम तिशीची मुलगी. तिने वजन केलं, छाती ऐकली, मागचे पाय हळूच वाकवले, रक्त घेतलं. सुभेदार सावधान उभे. सगळं झाल्यावर त्यांनी घसा साफ केला. "डॉक्टरसाब, बोर्ड आउट तो नहीं करोगे?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "नाम तो नहीं काटोगे, ये पूछ रहे हैं."

"अरे, नहीं अंकलजी! उम्र कोई बीमारी नहीं होती. आदत बदली, तो बस वजह ढूँढनी होती है."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. वजह रक्ताच्या रिपोर्टात सापडली. थायरॉइड वाढलेलं. म्हणून खा-खा, तहान, ओरडणं आणि तरी वाळणं. शिवाय सांधे आखडलेले, त्यामुळे उंच काठाच्या ट्रेमध्ये पाय टाकताना दुखायचं, म्हणून घाण बाहेर. मी सगळं लिहून घेतलं. रोज दोनदा गोळी, तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त, ट्रे बुटका. आणि अधोरेखित करून: लघवीला बसून काही होत नसेल किंवा दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं.

"म्हणजे आरोप सगळे खोटे," सुभेदार म्हणाले. "चूक पेशी घेणाऱ्याची."

"हल्की ड्यूटी दे दो इनको," डॉक्टर हसत म्हणाली आणि औषधाचं कार्ड भरायला घेतलं. "आप कहीं गए, तो गोली कौन देगा? एक और नाम बताइए."

"मैं कहाँ जाऊँगा?"

"फिर भी, अंकलजी. एक नाम."

सुभेदारांनी फोन काढला. नावं वर सरकत गेली, मग खाली आली. मुलगा कॅनडात. दूधवाला. सोसायटीचं ऑफिस. गावचा भाऊ, ज्याला आता ऐकू येत नाही. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडे बघत राहिले.

मी डॉक्टरच्या हातून कार्ड घेतलं आणि माझं नाव लिहिलं. खाली नंबर.

"ताई, तुम्हाला शिंका येतात," ते हळू आवाजात म्हणाले.

"तोंडाला रुमाल बांधेन."

त्याला तीन आठवडे झाले. हवालदाराचं वजन दोनशे ग्रॅम वाढलंय, दुपारचं ओरडणं जवळजवळ थांबलंय. बुटका ट्रे सुभेदारांनी स्वतःच मोठ्या बादलीचा वरचा भाग कापून केला, कडा घासून गुळगुळीत करून.

परवा ते वर आले, माझ्या दारात उभे राहिले आणि हातावर घराची किल्ली ठेवली. "दुसरी करून घ्या. तुमच्याकडं ठेवा." एवढं बोलून जिन्याने खाली गेले.

किल्लीवाला मार्केटच्या गेटबाहेर बसतो. काल गेले तर नव्हता, आज मीटिंगमध्ये अडकले. वहीत सगळ्यावर बरोबरची खूण झाली आहे. एक ओळ उरली आहे: सातवा मजला, दुसरी किल्ली.