आधी शिरेल त्याची दिशा

ढुंढिराज गुरुजींनी आयुष्यात कधी विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. तरीही त्या दिवशी ते फोनवर छातीठोकपणे म्हणाले, "ग्लायडर ना? त्यात काय एवढं! अहो, मणिकर्णिकेवरच्या घारी बघत लहानाचा मोठा झालोय मी!"

पलीकडे पुण्याहून शिवरामपंत बोलत होते. शिवरामपंत म्हणजे केयूरचे वडील, आणि केयूर म्हणजे गुरुजींच्या मैत्रेयीनं पुण्यात नोकरी करता करता स्वतःच पसंत केलेला मुलगा. मुलगा चांगला, घर चांगलं. बाप तेवढा जरा विक्षिप्त! बिनइंजिनाची विमानं उडवण्यात आणि लोकांना ती शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी ही हौस कॉम्प्युटरवर आणली. दर रविवारी सकाळी त्यांची मित्रमंडळी आपापल्या घरी बसून एकाच खोट्या आकाशात ग्लायडरच्या शर्यती लावत. पत्रिकेवरून काही कळत नाही, माणूस कसा आहे ते त्याच्याबरोबर उडाल्यावर कळतं, असं त्यांचं मत होतं.

"मग महिनाअखेरच्या रविवारी आमच्याबरोबर उडा," शिवरामपंत म्हणाले. "बैठकीचं त्यानंतर बोलू."

फोन ठेवला आणि गुरुजींना दरदरून घाम फुटला.

"घारी बघितल्या म्हणे!" अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मासे मीही बघितलेत गंगेत. येतंय का मला पोहायला?"

पण शब्द गेला होता, आणि पोरीचं लग्न त्या शब्दावर लटकलं होतं! मैत्रेयीनं लॅपटॉपमध्ये तो खेळ घालून दिला, पुण्याहून जॉयस्टिक पाठवली. गुरुजींनी जॉयस्टिकला कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि पूर्वेला तोंड करून बसले. रोज संध्याकाळी पोरगी ऑफिसातून दमून यायची आणि फोनवरून बापाला उडवायची.

ग्लायडरला इंजिन नसतं. पुढचं एक विमान त्याला दोरानं ओढत वर नेतं, आणि पुरेसं वर गेलं की तो दोर आपण सोडायचा असतो. गुरुजी सोडेनात!

"बाबा, दोर सोडा!"

"ज्यानं आपल्याला इतक्या वर आणलं त्याला असं मध्येच सोडायचं? हे काय वळण झालं?"

पुढचं विमान बिचारं खाली उतरायला लागलं. गुरुजी कृतज्ञतेनं त्याच्यामागे खाली गेले आणि दोघेही शेतात नाक खुपसून पडले. दुसऱ्या दिवशी दोर सुटला, तर वर जायचं म्हणून गुरुजींनी नाक असं वर केलं की ग्लायडर आधी थांबलं, मग दगडासारखं कोसळलं. मैत्रेयी निवांतपणे म्हणाली, "काही हरकत नाही. पुन्हा करू."

मग एके दिवशी तिनं खरी किल्ली दिली. उन्हानं तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचा खांब वर चढत असतो. तो दिसत नाही, पण त्यात शिरून गोल गोल फिरत राहिलं की ग्लायडर आपोआप वर जातं.

"हात्तिच्या!" गुरुजी ओरडले. "मणिकर्णिकेवर चितांच्या धगीवर घारी हेच तर करतात! पंख न हलवता! म्हणजे प्रदक्षिणा घालायची, असं सांग ना!"

आणि गंमत म्हणजे गुरुजींना ते जमलं. उजवा पंख खाली, मधोमध हवेचा खांब, जसा काही गाभाऱ्यातला देव उजव्या हाताला! ग्लायडर वर चढायला लागलं की आतलं यंत्र ट्यां-ट्यां करी. पहिल्यांदा अन्नपूर्णाबाई गॅस बंद करायला धावल्या. नंतर त्याही सरावल्या. ट्यां-ट्यां ऐकू आली की म्हणत, "चढले वाटतं!"

"बाबा, आता डावीकडे वळायचाही सराव करा," मैत्रेयी म्हणाली.

"उलटी प्रदक्षिणा? काशीत राहून?"

मंगला गौरीच्या देवळात उलट्या दिशेनं निघालेल्या यात्रेकरूंना दंडाला धरून वळवणं हे गुरुजींचं रोजचं काम होतं. मुनीम असो की मंत्री, गुरुजी कुणाचीही भीड ठेवत नसत. त्यांना कोण शिकवणार!

"बरं, पण एक नियम नीट लक्षात ठेवा," ती म्हणाली. "एका खांबात सगळ्यांनी एकाच दिशेनं फिरायचं. नाहीतर टक्कर होते."

"त्यात काय सांगायचं? देवळात तेच तर असतं! सगळे एकाच दिशेनं. मला आवडला हो तुमचा नियम!"

मैत्रेयीला वाटलं, बाबांना कळलं. बाबांना वाटलं, आपल्याला आधीपासूनच येतं. दोघंही समाधानानं झोपली.

रविवार उजाडला. गुरुजी स्नान करून, सोवळं नेसून, कानाला हेडफोन लावून बसले. शर्यत साधीच होती. लांबच्या धरणाला वळसा घालून परत यायचं, आणि वाटेत हवेचे खांब गाठून उंची कमवत राहायचं. हेडफोनमध्ये शिवरामपंतांचा भारदस्त आवाज आला, "काशी, तयार?"

"हर हर महादेव!"

आणि काय सांगावं! दोर वेळेवर सुटला. नाक सरळ राहिलं. पहिला खांब गुरुजींनीच शोधला, उजवीकडून फिरले, आणि मागून आलेले सगळे मुकाट्यानं त्यांच्यासारखेच उजवीकडून फिरू लागले. "वा काशी, झकास!" कुणीतरी म्हणालं. गुरुजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पाहता पाहता ते दुसऱ्या नंबरावर आले. पुढे फक्त शिवरामपंत!

धरणाच्या अलीकडे शिवरामपंत एका खांबात शिरले होते आणि डावीकडून फिरत होते. डावीकडून! गुरुजींना वाटलं, एवढा जाणता माणूस, पण घरात कुणी सांगितलं नसेल. ते त्याच खांबात शिरले आणि नेमानं उजवीकडे वळले.

"काशी, डावीकडे! डावीकडे फिरा!"

"शिवरामपंत, राग मानू नका, पण तुम्ही उलटे फिरताय!"

"अहो, मी आधी शिरलोय!"

"आधी शिरलात म्हणून काय झालं? दिशा ती दिशा!"

तेवढ्यात शिवरामपंतांचं ग्लायडर गोल फिरून थेट समोर आलं. पांढरंशुभ्र! आत टोपी घातलेला माणूससुद्धा दिसला. आता होणारे व्याही असे समोरून आले की सुसंस्कृत माणूस काय करतो? गुरुजींनी जॉयस्टिक सोडली आणि दोन्ही हात जोडले.

कडाड!

एक पंख इकडे, एक शेपूट तिकडे. गुरुजी ताडकन उठले. हेडफोनची वायर उपटली गेली.

"अगं, घात झाला! व्याही गेले! माझ्या हातून गेले!"

"अहो, अजून साखरपुडासुद्धा झाला नाही!" अन्नपूर्णाबाई पोळीचं लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

दारात फुलवाला गोपीनाथ रोजच्या हाराची पुडी घेऊन उभा होता. मराठी घरांना वर्षानुवर्षं फुलं पुरवून त्याला मराठी छान कळे. "समधी जी गइलन? कइसे, गुरुजी?"

"विमान पडलं रे! वरून सरळ खाली!"

"राम राम राम!" गोपीनाथनं पुडी तिथेच टाकली आणि गल्लीत पळाला. गुरुजी मात्र डोकं धरून बसले. त्यांना शर्यतीचं दुःख नव्हतं. डोळ्यांसमोर मैत्रेयी येत होती. रोज दमून यायची, पण एकदाही चिडली नाही. बापानं एका फटक्यात तिचं सासर पाडलं! गुरुजींना अगदी रडू यायला लागलं.

तोवर गोपीनाथ अर्धी गल्ली घेऊन परत आला. गुरुजींचे भरलेले डोळे बघून सगळ्यांची खात्रीच पटली. बायका अन्नपूर्णाबाईंना मिठ्या मारू लागल्या. गोपीनाथ गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हिम्मत रखा गुरुजी. मणिकर्णिका पे हमार साला हौ, सब इंतजाम हो जाई. बस, बॉडी पुणे से कब आई?"

"कुणाची बॉडी?" लॅपटॉपमधून भारदस्त आवाज आला.

हेडफोन उपटल्यापासून पुण्याचा आवाज खोलीभर येत होता आणि खोलीतला सगळा पुण्याला जात होता! गोपीनाथ दोन पावलं मागे सरकला. "ई के बोलत हौ?"

"व्याही," गुरुजी पुटपुटले.

गोपीनाथनं लॅपटॉपला हात जोडले.

गुरुजींनी धीर केला. "शिवरामपंत, चुकलो. तुम्ही समोर आलात आणि मी नमस्कार करायला गेलो. जे काय बोलायचं ते मला बोला. पोरीचा यात काही दोष नाही हो!"

पलीकडे खोकल्यासारखं काहीतरी सुरू झालं. ते वाढत गेलं, आणि शेवटी कळलं की शिवरामपंत हसताहेत. त्यांचे मित्रही हसत होते. "गुरुजी," ते धापा टाकत म्हणाले, "मरण समोर दिसत असताना नमस्कार करणारा व्याही मला दुसरा कुठे मिळणार? लग्न ठरलं! पण एक अट. आधी जो शिरला, त्याची दिशा. मागून येणाऱ्यानं वाद घालायचा नाही. द्या वचन!"

"दिलं! काशीचं वचन!" गुरुजी म्हणाले. गोपीनाथनं टाकलेली पुडी उचलली आणि त्यातला हार लॅपटॉपला घातला.

पुढच्या महिन्यात शिवरामपंत बैठकीसाठी सहकुटुंब काशीला आले. सगळं सुरळीत ठरलं. पेढे वाटायच्या आधी गुरुजी त्यांना मंगला गौरीच्या दर्शनाला घेऊन गेले. शिवरामपंत देवळात फारसे जाणारे नव्हते. हातवारे करत, कुठल्याशा जुन्या उड्डाणाची गोष्ट सांगत ते पुढे झाले, आणि बोलण्याच्या नादात देवीला डाव्या हाताला ठेवून सरळ उलट्या प्रदक्षिणेला लागले.

गुरुजींचा हात सवयीनं त्यांच्या दंडाकडे गेला. तो अर्ध्यावरच थांबला. सगळं देऊळ बघत होतं. दारात फुलांची टोपली घेऊन उभा असलेला गोपीनाथही बघत होता. गुरुजींनी देवीकडे एकदा क्षमा मागितल्यासारखं पाहिलं, मान खाली घातली, हात जोडले आणि व्याह्यांच्या मागोमाग तसेच उलटे निघाले.

गोपीनाथचे डोळे कपाळात गेले. "गुरुजी! आप? उल्टा?"

"चूप रह!" गुरुजी न थांबता पुटपुटले. "ये पहले घुसे हैं!"