झोपलेल्या संगणकास कारणे दाखवा नोटीस

दोन हजार चारच्या जून महिन्यात नाशिकमधल्या एका कार्यालयाला नवा संगणक मिळाला. कार्यालयाचं नाव सांगत नाही, तिथे माझं येणं-जाणं अजून चालू आहे. काम काय, तर दाखले देणं. रहिवासी, उत्पन्न, वय, आणि समोर उभा असलेला माणूस हयात असल्याचा.

संगणक मी जोडून दिला. शालिमारजवळ माझं दुकान. कॅबिनेट, मदरबोर्ड, रॅम, एकेक वस्तू आणून स्वतःच्या हाताने बसवली, दोन दिवस चालवून बघितली. पंधरा मिनिटं कोणी हात लावला नाही की मशीन झोपायचं, माऊस हलवला की उठायचं. इतकं गुणी पोर माझ्या घरातसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी कार्यालयाच्या देवरे साहेबांचा फोन.

"ललितशेठ, तुमचं मशीन झोपतं."

"झोपायलाच पाहिजे साहेब. वीज वाचते."

"झोपू द्या हो. झोपेबद्दल आमची तक्रार कधीच नसते. उठत नाही, त्याचं काय?"

मी बॅग उचलून गेलो. बाहेर बाकावर पेठ तालुक्याकडची एक बाई बसली होती. शेजारी तिची पोरगी, मांडीवर कागदांची पिशवी. मी पेचकस हातात घेऊन चाललोय बघून बाई उठलीच.

"तूच का रं मशिनवाला?"

"हो मावशी."

"चार येळा आले मी यष्टीनं. दर टायमाला सांगत्यात, मशिन झोपलंय. माझ्या सायलीचा नर्सिंगला नंबर लागलाय. तीस तारखेच्या आत रहिवासी दाखला नाय दिला तर नंबर दुसरीला. तुज्या मशिनला सांग, पोरगी नर्स झाली की मंग झोप म्हणावं."

ती कुसाबाई भोये. सायली मान खाली घालून हसत होती, पण पिशवी घट्ट धरून.

आत ज्योत्स्ना मॅडम टंकलेखनाच्या खुर्चीवर होत्या. मॉनिटर काळा. मी माऊसकडे हात नेला तर टेबलावर माऊसच नाही.

"मॅडम, माऊस कुठंय?"

"कपाटात."

"कपाटात काय करतोय?"

"जडसंग्रह नोंदवहीत त्याला वेगळा नंबर पडलाय ना. तुमच्याच बिलात लिहिलंय, संगणक एक, माऊस एक. लहान वस्तू, कोणी खिशात घालून नेली तर? मी खुर्चीवरून उठले की गोटीरामकडे जमा. परत बसले की मागणीपत्र लिहायचं, मग तो देतो."

गोटीराम म्हणजे भांडारपाल. कंबरेला किल्ल्या, चेहऱ्यावर देशाच्या सीमेची जबाबदारी. मागच्या दहा वर्षांत त्याच्या ताब्यातली एकही वस्तू हरवली नाही, कारण एकही वस्तू वापरली गेली नाही.

मी डोकं शांत ठेवून विचारलं, "मॅडम, पण तुम्ही उठता कशाला? दाखला टाईप करा, सेव्ह करा, प्रिंट काढा."

"साहेबांच्या मंजुरीशिवाय सेव्ह करायचं नाही असा आदेश आहे. चुकीची माहिती कायमची साठली तर कोण जबाबदार? म्हणून मी स्क्रीनवरचा मजकूर हाताने कागदावर उतरवते, साहेबांना दाखवते, ते सही करतात, मग मी येऊन सेव्ह करते."

आता सगळं चित्र डोळ्यासमोर आलं. मॅडम उठणार. माऊस काढून जमा होणार. साहेब चहा संपवून कागद वाचणार. तोवर पंधरा मिनिटं होऊन मशीन झोपणार, आणि एकदा झोपलं की ते कीबोर्डने उठत नाही. मॅडम परत येऊन मागणीपत्र लिहिणार, गोटीराम किल्ली शोधणार, माऊस जोडणार. पण मशीन चालू असताना काढलेला हा माऊस परत जोडला तर मशीन त्याला ओळखत नाही. भिंतीवरच्या स्विचने बंद करून चालू करावं लागतं. आणि बंद केलं की सेव्ह न केलेला दाखला गेला. असे कुसाबाईंचे चार दाखले गेले होते, आणि दाखला गेला की अर्जही पुन्हा नव्याने द्यायचा.

"बरं, समोरचं बटण दाबून उठवायचं होतं ना."

मॅडमनी बोट दाखवलं. बटणावर कागद चिकटवला होता: 'लेखी परवानगीशिवाय हात लावू नये.'

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "साहेब, दोन मिनिटांचं काम आहे. झोपायचं सेटिंगच बंद करून टाकतो."

साहेबांनी फाईल काढली. "मंजूर तपशिलात लिहिलंय, 'वीज वाचवणारा संगणक'. तुम्ही झोप बंद केली तर मंजूर झालेला संगणक वेगळा आणि टेबलावरचा वेगळा. मी अडकणार. प्रस्ताव द्या, पुढे पाठवतो. दिवाळीपर्यंत उत्तर येईल."

दुसऱ्या दिवशी प्रस्तावाच्या पोचपावतीऐवजी मला नोटीस आली. 'आपण पुरवठा केलेला संगणक दिनांक ७, ८, ९ व १० जून रोजी कार्यालयीन वेळेत निद्रिस्त आढळून आला. त्याबाबत कारवाई का करण्यात येऊ नये, याची कारणे सात दिवसांत दाखवावीत.'

असं पत्र आलं की माझा दिवस सोन्याचा होतो. दुकान बंद करून मी उत्तर लिहायला बसलो. 'महोदय, सदर संगणक सेवेत नवीन आहे. आमच्या दुकानात तो दिवसभर जागा असे. कार्यालयात रुजू झाल्यावर सभोवतालच्या वातावरणाशी त्याने अपेक्षेपेक्षा लवकर जुळवून घेतले, एवढाच त्याचा दोष आहे. त्याचा परिवीक्षा कालावधी लक्षात घेऊन सहानुभूतीने विचार व्हावा.'

वाटलं, आता साहेब भडकणार. साहेबांनी समासात शेरा मारला: 'खुलासा समाधानकारक. संगणकास समज देण्यात यावी.'

समज द्यायची जबाबदारी पुंजावर आली. पुंजा शिपाई. त्याला लेखी आदेश निघाला की मॅडम जागेवर नसताना त्याने संगणकासमोर बसून त्यास झोपू देऊ नये. माऊस कपाटात, म्हणून तो स्पेसचं लांब बटण दाबत बसला. मशीन जागं राहिलं. मॅडमनी परत येऊन प्रिंट काढली तेव्हा सायलीचं नाव पहिल्या पानावर आणि भोये आडनाव सहाव्या पानावर होतं.

"मधी एवढी जागा कशापायी?" कुसाबाईने पानं उलटी-सुलटी करून विचारलं.

"माहेर-सासरचं अंतर धरलं असंल," पुंजा म्हणाला.

मग सुधारित आदेश निघाला. एकदा स्पेस, एकदा खोडायचं बटण, आळीपाळीने. अकराच्या सुमारास पुंजाचा हिशेब चुकला, आणि दुपारपर्यंत दाखल्यावर सायलीतला फक्त 'सा' उरला. तोही मॅडम वेळेवर आल्या म्हणून.

सतरा तारीख उजाडली. कुसाबाई सहाव्यांदा आली होती. या खेपेला तिने पिशवीतून आजवरची एसटीची तिकिटं काढून माझ्या हातात ठेवली. भाताची पेरणी सोडून आलेल्या बाईची तिकिटं शिव्यांपेक्षा जास्त लागतात. म्हटलं, आता नियम पुरे.

साडेअकराला सगळं कार्यालय चहाला खाली उतरतं. पुंजासुद्धा. मी बॅगेतला माझा स्वतःचा माऊस जोडून मशीन चालू केलं, सेटिंगमध्ये जाऊन झोपेच्या पुढे 'कधीच नाही' केलं, बंद केलं, माऊस खिशात टाकला. मॅडमना फक्त एवढंच सांगितलं, "प्रिंटला माऊस लागत नाही. कंट्रोल धरून पी दाबा, मग एंटर."

मॅडमनी दाखला टाईप केला. मजकूर कागदावर उतरवून साहेबांकडे गेल्या. पुंजाला मी सांगितलं, आज नुसता समोर बस, बटणांना हात लावू नको. साहेबांनी निवांत चहा घेतला, सही केली. मॅडम परत आल्या तर मजकूर तसाच, मशीन टक्क जागं. कंट्रोल, पी, एंटर. अर्ज सकाळी दहाला, दाखला दुपारी साडेबाराला. पाचपर्यंत आणखी तेवीस जणांना दाखले मिळाले. गोटीरामने दिवसभर माऊस कुरवाळत कपाटाजवळ बसून काढला, त्याला कोणी मागितलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेढ्यांच्या अपेक्षेने दुकानात बसलो. कुसाबाई आली. हातात दाखला होता, चेहऱ्यावर पेढा नव्हता.

"दादा, तू मला खोटा कागूद करून दिला."

"मावशी, साहेबांची सही आहे, गोल शिक्का आहे."

"कालेजातला भाऊसाहेब इचारतो, अर्ज कवा दिला? म्हणलं, सतरा. दाखला कवा मिळाला? म्हणलं, सतरा. लय हसला. म्हणला, बाई, मला चोवीस वर्सं झाली इथं. असा दाखला मी बघितला नाय. सरकारी कागूद असा मिळत नसतो. खरा घिऊन ये."

सायलीचे डोळे लाल. मी विचारलं, "आणि तुम्हाला काय वाटतं मावशी?"

"मला बी रातभर तेच वाटत व्हतं," ती म्हणाली. "एका दिसात मिळतो का कुठं."

आम्ही तिघं कार्यालयात गेलो, तर तिथे गर्दी. तेवीसच्या तेवीस परत आले होते. एकाच्या सासऱ्याने दाखला उजेडात धरून बघितला होता. चांदवडच्या एका गृहस्थाला नातेवाइकांनी विचारलं होतं, कोणाला किती दिले खरं सांग. तो शपथा घेऊन दमला होता. काल दाखला मिळून समाधान पावलेला एकही माणूस मला दिसला नाही.

बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी अर्ज लिहिला. 'आमचे दाखले पूर्वीप्रमाणे, योग्य तो वेळ घेऊन, नव्याने मिळावेत ही विनंती.' अठ्ठेचाळीस सह्या. त्यातले चोवीस असे, ज्यांचं तिथे काही कामच नव्हतं, पण गर्दी दिसली म्हणून थांबले होते.

देवरे साहेब अर्ज वाचून गहिवरले. चष्मा काढून पुसला. "ललितशेठ, बावीस वर्षांच्या नोकरीत जनतेने आमच्या कामाचं कौतुक पहिल्यांदा केलं."

सेटिंग बदलल्याचं मी कबूल केलं, आणि लेखी आदेश मिळाल्यावर झोप परत चालू केली. या एका सेटिंगला मात्र प्रस्ताव लागला नाही.

सायलीचा नवा दाखला एकोणतीस तारखेला निघाला. दोन वेगळ्या शाई, एक खाडाखोड, कोपऱ्यावर चहाचा गोल. तीसला कॉलेजच्या भाऊसाहेबाने तो हातात घेतला, मागचं-पुढचं पाहिलं आणि म्हणाला, "हां, याला म्हणतात दाखला." सायलीचा प्रवेश झाला. कुसाबाईने घरी जाताना माझ्या दुकानात डोकावून सांगितलं, "आता बरं वाटलं बघ."

अर्जाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही असल्या कागदावर सही केली नसती. नसेल केली. पण मागे एकदा तुमचं काम पहिल्याच चकरेत झालं होतं. तेव्हा घरी येऊन बायकोला काय म्हणालात? "काहीतरी राहिलं असणार." आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून, काय राहिलं ते विचारायला परत गेलात.