उंची, रुंदी आणि खोली

बायकोबरोबर कोट घ्यायला जाताना आपली मापाची टेप खिशात टाकावी असं त्याने ठरवलं, तेव्हा त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. कित्येक वर्षं तो लोकांच्या घरात कपाटं बसवत होता आणि ती सगळी चपखल बसली होती. (एक सोडून. त्याचा विषय घरात काढत नाहीत.) बायको तर कपाटाच्या मानाने कितीतरी लहान.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. जुना कोट ओढूनताणून घातला, तर त्याचं बटण उडून थेट चहात पडलं. आज नवा कोट मिळाला नाही, तर उद्या परीक्षकांसमोर तिला श्वास रोखून शाळेच्या शिस्तीवर बोलावं लागणार होतं. तिला ती जागा मनापासून हवी होती, त्यामुळे ती सकाळपासून सगळ्यांवर खेकसत होती.

पहिल्या दुकानात ती मीडियम ठरली आणि समोरच्या दुकानात एक्स्ट्रा लार्ज. रस्ता ओलांडताना आपण एवढ्या कशा सुटलो, हे तिला कळेना. तिसऱ्या दुकानात खांदे बसले की बटणं लागेनात, बटणं लागली की हात बाह्यांत बेपत्ता.

"अगं, माप दिलं की काम झालं," असं म्हणून त्याने तिथल्या सेल्सगर्लला बायकोची उंची, रुंदी आणि खोली सांगितली.

"काका, खोली कशाची?"

"हिची. पुढून मागे."

मुलगी तोंडावर हात ठेवून आत गेली आणि कोटांचा ढीग घेऊन आली. बायको तो ढीग घेऊन ट्रायल रूममध्ये शिरली. इकडे त्याने रॅकवरचे एकाच नंबरचे दोन कोट मोजले. दोन्हींत चक्क दोन इंचांचा फरक! त्याने तो मोठ्याने जाहीर केला आणि दुकानातल्या बायका हातातले कपडे घेऊन त्याच्याभोवती जमल्या. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या बायका त्याचं ऐकून घेत होत्या. ट्रायल रूममधून "अहो, अहो" ऐकू येत होतं, पण ते त्याला कौतुकाचंच वाटलं.

शेवटी सेल्सगर्लने आत जाऊन बायकोला सोडवलं. ती कोटात कोपरापाशी अडकून, दोन्ही हात वर करून उभी होती.

बाहेर आल्यावर ती सरळ पुरुषांच्या विभागात गेली. पहिलाच कोट घातला. खांदे, बाह्या, बटणं, सगळं जागच्या जागी, शिवाय खरेखुरे खिसे. आरशासमोर तिने शिस्तीवरची दोन वाक्यं म्हणून पाहिली. श्वास छान चालत होता. ती इतकी खूश झाली की तिला हसूच आवरेना.

"बघ, पुरुषांचं माप कसं चोख असतं," म्हणत त्यानेही त्याच नंबरचा कोट चढवला. निम्मा चढला. मग वरही जाईना आणि खालीही येईना.

काउंटरवर सेल्सगर्लने बिल देत सांगितलं, "काही बसलं नाही तर बदलून मिळेल, मॅडम."

बायकोने मागे वळून, हात वर करून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"बसत नाही असं एक आहे घरात," ती म्हणाली. "पण त्याचं बिल सापडत नाही."