खोगिराचा मान

तोचिनोयाच्या बैठकीत घोड्याचं जुनं खोगीर दाराशी ठेवलं गेलं आणि सगळ्या युनोसावा गावाला सर्दी झाली. ही सर्दी औषधाने जाणारी नव्हे. आमच्या डोंगरात माणूस रागावला की तसं बोलून दाखवत नाही. "जरा सर्दी झालीय," म्हणतो, तोंडाला मास्क लावतो आणि घरात बसतो. समोरच्याने काय ते समजून घ्यायचं.

तोचिनोया हे गरम पाण्याच्या झऱ्यावरचं आमच्या गावातलं एकुलतं एक पाहुणघर. नवरा गेल्यापासून मित्सुए ते एकटी चालवत होती. चालवत होती म्हणजे पाहुण्यांची वाट बघत होती. शेवटी तिची मुलगी चिहारू सेंदाईच्या ऑफिसातून रजा काढून आली आणि नूतनीकरणाचं घेऊन बसली. हा हिवाळा चांगला गेला नाही तर पाहुणघराला कुलूप लागणार होतं. चांगला गेला तर चिहारू राहणार की नाही, हे ती सांगत नव्हती आणि मित्सुए विचारत नव्हती. विचारलं आणि नको ते उत्तर आलं तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असा तिचा हिशेब होता.

सजावटीसाठी चिहारूने सेंदाईहून सुगिमोरी नावाचा तरुण आणला. त्याने भिंतींना गावच्या ओढ्याची माती लावली, दारांना इथला कागद लावला आणि बैठकीत उभा राहून म्हणाला, "आता मोजक्याच वस्तू. पण इथल्या मातीतल्या हव्यात."

सरपंच होरिगोमे आजोबांच्या गोठ्यात त्याला ते खोगीर दिसलं. त्याने तोंडभर स्तुती केली. आता स्तुती झाल्यावर आजोबा काय करणार? "अहो, कचरा आहे तो. न्या की!" म्हणाले. सुगिमोरीने खरंच नेलं.

दुसऱ्या दिवशी टोफूवाल्या फुसाएकाकू जातं घेऊन हजर. "सरपंचांचं खोगीर चालतं, मग आमचं जातं काय वाईट आहे?"

"वाईट कसं असेल, काकू!" मित्सुए म्हणाली. जन्मभर पाहुण्यांना 'नाही' न म्हणता काढलेली बाई ती. तिला तो शब्दच येत नसे. मग इसावा बुरूडांनी मुळे मुरवायचं लाकडी पिंप आणलं. त्यांचं घेतलं म्हटल्यावर बाकीच्यांना गप्प बसणं बरं दिसेना. गवताचे रेनकोट, बर्फावर चालायचे जोडे, रेशमाच्या किड्यांच्या टोपल्या अशी रीघच लागली.

"आई, ही बैठक आहे की माळा?" चिहारूने विचारलं.

"प्रेमाने देतात गं."

"एकालाही द्यायचं नव्हतं, आई. त्यांचे चेहरे बघ की!"

सुगिमोरीने डोक्याला हात लावला आणि मग उजेड बघून सगळं मांडलं. पिंपाचा रंग छान उठून दिसतो म्हणून ते मानाच्या कोनाड्यापुढे. खोगीर काळपट, म्हणून दाराशी, चपलांजवळ.

कोनाड्यापुढे बसतो तो मोठा आणि दाराशी बसतो तो सगळ्यांत धाकटा. हे सुगिमोरीला माणसांच्या बाबतीत पक्कं ठाऊक होतं. पिंपालाही मान असतो, हे मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी गावातली माणसं नेहमीप्रमाणे तोचिनोयाच्या कुंडात अंघोळीला आली. होरिगोमे आजोबा डोक्यावर टॉवेल ठेवून बैठकीतून जाता जाता थबकले. खोगिराकडे बघितलं, पिंपाकडे बघितलं. "छान दिसतंय," म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "फारच छान."

दुसऱ्या दिवशी आजोबांना सर्दी झाली. त्यांच्या भावकीलाही झाली.

मित्सुएने घाईघाईने खोगीर वर नेलं आणि पिंप खाली आणलं. इसावांना सर्दी झाली. मालकांच्या वयाप्रमाणे लावून पाहिलं, तर सगळ्यांत म्हातारं कोण हे जगजाहीर झालं आणि फुसाएकाकूंनी अंथरूणच धरलं. वस्तू गोल मांडल्या, तर वर्तुळाचंही एक टोक कोनाड्याकडे येतंच. कुंडावर संध्याकाळी चिटपाखरू दिसेना.

तरीही हे निभावलं असतं. पण झऱ्याचं पाणी ज्या लाकडी पन्हळीतून येतं, तिच्यात गंधकाचा पांढरा गाळ बसतो. बर्फ पडायच्या आत सगळं गाव मिळून तो खरवडून काढतं. ठरल्या दिवशी सकाळी ब्रश घेऊन मित्सुए, चिहारू आणि सुगिमोरी तिघंच उभी. बाकी सगळे आजारी. तिघांनी दिवसभर खरवडलं तेव्हा पन्हळीच्या कोपऱ्यापर्यंतचा भाग साफ झाला, आणि कुंडातलं पाणी चहा निवल्यासारखं कोमट येऊ लागलं. पहिले पाहुणे परवा येणार होते.

"वस्तू परत पाठवू," चिहारू म्हणाली.

"दिलेली वस्तू परत? त्यापेक्षा घर पेटवून दे." मित्सुए डोळे पुसून उठली, चांगला किमोनो नेसली आणि दारोदार गेली. प्रत्येक उंबऱ्याशी कमरेतून वाकून तिने एकच वाक्य म्हटलं: "मला अक्कल नाही. आपली वस्तू आपल्याच हातांनी योग्य जागी ठेवायला यावं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव मास्क लावून बैठकीत जमलं. कुणी शिंकत नव्हतं. होरिगोमे आजोबा सावकाश पुढे झाले, कोनाड्याजवळचं खोगीर उचललं आणि दाराशी नेऊन ठेवलं. "आमच्या फडतूस खोगिराला हीच जागा."

"असं कसं, आजोबा?" इसावा कळवळले. "खोगीर तिथे आणि माझं पिंप वर? लोक काय म्हणतील?" त्यांनी पिंप उंबऱ्यापर्यंत लोटत नेलं.

"तुम्ही उंबऱ्यावर, मग मी कुठे तोंड लपवू?" म्हणत फुसाएकाकूंनी जातं थेट ओसरीत काढलं. अंथरूण धरलेली बाई, पण जोर बघण्यासारखा होता. त्यासरशी टोपल्या अंगणात गेल्या.

"अंगण? मला लाजवता काय!" आजोबांनी खोगीर फाटकाबाहेर नेलं.

"सरपंच रस्त्यावर उभे, आणि आम्ही आत?" सगळं गाव रस्त्यावर आलं. रस्ता उताराचा. प्रत्येकाला दुसऱ्याच्या खालची जागा हवी होती आणि कुणी मागे हटायला तयार नव्हतं. धक्काबुक्कीत मास्क कधी गळून पडले ते कळलंच नाही. शेवटी आजोबा खोगीर डोक्यावर घेऊन गरजले, "याची खरी लायकी आमच्या गोठ्याची!" आणि घरी निघून गेले. एवढी विनम्रता कोण सहन करील? तासाभरात ज्याची त्याची वस्तू ज्याच्या त्याच्या घरी पोचली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळं गाव पन्हळीवर राबत होतं. सर्दीचा कुणाला मागमूस नव्हता. पाण्याला वाफ आली तेव्हा मित्सुए तिथेच सगळ्यांसमोर रडली.

पाहुणे आले. तोक्योचं पोक्तसं जोडपं. मोकळ्या बैठकीत एका कोपऱ्यात सुगिमोरी खिन्न बसला होता. बाईंनी इकडेतिकडे बघून विचारलं, "तुमच्या जाहिरातीच्या फोटोत एक खोगीर होतं ना?"

नाही म्हणता येत नव्हतंच. "आहे ना," मित्सुए म्हणाली. "जरा खाली, सरपंचांकडे. जातं टोफूवाल्यांकडे आणि पिंप त्यांच्या शेजारच्या इसावांकडे."

पाहुणे लाकडी पादत्राणं वाजवत उतारावरून गेले. अंधारून आलं तरी पत्ता नाही. चिहारू खाली गावात जाऊन बघून आली. "आजोबांनी खोगीर कोनाड्यात मांडलंय आणि पाहुण्यांना त्याच्यापुढे बसवलंय. तिथे जेवण झालं. आता काकूंकडे दुसरं चाललंय. इसावाकाका मुरवलेले मुळे घेऊन दाराशी उभेच आहेत."

आत दोन तबकांवर मासे, रानभाजी, आळंबीचं सार, सगळं मांडून ठेवलेलं निवत होतं. मायलेकी समोरासमोर बसून पाहुण्यांचं जेवण जेवू लागल्या.

"उद्यापासून," चिहारू घास गिळत म्हणाली, "पाहुण्यांना जेवू घातल्याशिवाय गावात सोडायचं नाही. आणि बर्फ वितळला की त्या पन्हळीचा कोपरा बदलून घेऊ."

बर्फ वितळतो एप्रिलमध्ये. रजा या महिन्याअखेर संपत होती.

"भात आणते," म्हणून मित्सुए लगबगीने उठली. वाडग्यात भात भरपूर होता.