द्राक्षबागेचा दुखवटा

प्रिय मुक्ता आणि निषाद,

इटलीचा एक फोटो मंगलआत्याने तुम्हाला पाठवला आणि तुम्ही दोघांनी त्याला हसरे चेहरे लावले. फोटोत आपले आबा पांढरी टोपी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, एका उलट्या खोक्यावर बसले आहेत आणि शेजारचा इटालियन म्हातारा गोंधळून त्यांच्याकडे पाहतो आहे. फोटो हसण्यासारखाच आहे. पण आबा तिथे काय करत होते ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. मला ते आज लख्ख आठवतंय, पुढच्या वर्षी आठवेल याची खात्री नाही. म्हणून लिहून ठेवते.

आबा त्या म्हाताऱ्याच्या घरी दुखवट्याला गेले होते.

आबा म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. बीडमध्ये कुणी कोर्टात असतं, कुणी पोस्टात असतं. तेलगावचे आबा दुखवट्यात असतात. माणूस गेल्यावर सगळेच जातात. आबा कशालाही जातात. रस्ता रुंद करताना एका मास्तरांच्या दारातला कडुनिंब तोडला, आबा जाऊन तासभर बसले. कुणाचं बोअर कोरडं निघालं, आबा हजर. शेजारच्या दत्ताची मोटारसायकल चोरीला गेली तेव्हा आबा त्याच्या ओसरीवर असे काही बसले, की तोवर पोलिसांना शिव्या देत असलेली दत्ताची बायको हुंदके देऊन रडायला लागली.

त्यांचे नियम कडक आहेत. भिंतीजवळ बसायचं. चहा घ्यायचा नाही. निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही आणि मागे वळायचं नाही. एकदा छत्री विसरली, तर मुसळधार पावसात भिजत घरी आले, पण वळले नाहीत. “बोलायचं न्हाई. निस्तं बसायचं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी हार, नारळ, भाषणं, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा तेलगावहून एसटीने आले आणि समोरच्या खुर्चीवर गप्प बसले. मी म्हटलं, “भाऊजी, अहो, हा आनंदाचा प्रसंग आहे.” अर्ध्या तासाने माझे डोळे भरून आले. तेव्हा कळलं, एवढ्या हारांमध्ये मला हेच हवं होतं.

आता दुसरी गोष्ट. आबांनी पूर्वी तेलगावला एक एकर द्राक्षबाग लावली होती. आजूबाजूला ऊस आणि कापूस, मध्ये ही द्राक्षं. गावाने वेड्यात काढलं. आबांची बायको कुसुमकाकू आणि आबांनी चार वर्षं लेकरासारखी बाग वाढवली, घडही धरले. मग दुष्काळ आला, पानं करपून गळाली, आणि आबांनी एका सकाळी बाग उपटून पेटवून दिली. काकू आता नाहीत. बाग गेल्यापासून आबांनी द्राक्ष तोंडात घातलेलं नाही, आणि त्या बागेचा विषय त्यांच्यासमोर कुणी काढत नाही.

आबांच्या लेकीला, मंगलला, नोकरी लागली ती नेमकी इटलीत. मार्चमध्ये आबा आणि मी तिच्याकडे गेलो आणि एका रविवारी ती आम्हाला द्राक्षांच्या मुलखातलं एक लहान गाव दाखवायला घेऊन निघाली. आबा म्हणाले, “तुमी बघा. मी गाडीत बसतो.”

मुलांनो, तो मुलूख मी कसा सांगू! टेकडीमागे टेकडी, आणि प्रत्येक टेकडीवर फणी फिरवल्यासारख्या वेलींच्या ओळी. सगळ्यात उंच टेकडीवर गाव, विटकरी छपरांचं, मध्ये चर्चचा मनोरा. खाली धुकं, त्यामुळे गाव हवेत ठेवल्यासारखं दिसत होतं. मी हात जोडले, कुणाला ते माहीत नाही.

आबा मात्र खिडकीला नाक लावून भलतंच पाहत होते. वेलींवर एक पान नव्हतं. काळे, वाकडे बुंधे. आणि उतारावर ठिकठिकाणी वेलींच्या काड्यांचे ढीग जळत होते.

“मंगल, गाडी थांबीव.”

“कावून आबा? मळमळतंय का?”

“थांबीव म्हनलं ना. ह्यांच्या बागा गेल्या.”

“आबा, हिवाळ्यात पानं झडतात इथं. त्या छाटलेल्या काड्या जाळतेत.”

“तू कंपनीत कामाला हायस. मला बागेचं नगं सांगू.”

मी समजावलं, “भाऊजी, थंड देशात वेली झोपतात. वसंतात पुन्हा फुटतात.”

“वहिनी, ते शाळेतलं झालं. हे जळन हाय. दिसंना का तुमाला?”

गाडी थांबेपर्यंत त्यांनी टोपी सारखी केली होती. रस्त्यालगतच्या अंगणात एक म्हातारा काड्यांच्या मोळ्या बांधत होता. त्याचं नाव पिएत्रो, हे नंतर कळलं. आबा सरळ आत गेले, भिंतीजवळचं खोकं उलटं केलं आणि बसले. पिएत्रो काहीतरी म्हणाला. आबा गप्प. तोही बावरून शेजारी टेकला. तोच तो फोटो.

घरातून पिएत्रोची बायको लाल वाइनचा पेला घेऊन आली. आबांनी तो बोटाने हळूच बाजूला सारला. तिला वाटलं, पाहुण्यांना ही पसंत नाही. तिने दुसरी बाटली आणली, मग धूळ पुसत तिसरी. आबांपुढे तीन पेले ओळीने उभे राहिले.

“आबा, एक घोट तरी घ्या, वाईट दिसतंय,” मंगल दात आवळून म्हणाली.

“दुखवट्याच्या घरी पानीबी घेत न्हाईत.”

शेवटी मंगलने कपाळाला हात लावून त्या नवरा-बायकोला सगळं सांगून टाकलं. हे तेलगावचे, यांची स्वतःची बाग अशीच वाळून गेली, तुमची गेली असं समजून बसायला आलेत. बायको एप्रन तोंडाला लावून हसली. पिएत्रो हसला नाही. त्याने आबांचा दंड धरून त्यांना उठवलं आणि अंगणामागच्या ओळीत नेलं.

तिथे अजून न छाटलेला एक वेल होता, मनगटाहून जाड, साल निघालेला. बघणाऱ्याला तो मेलेलाच वाटावा. पिएत्रोने कात्रीने एक काडी तोडली आणि थांबला. आम्हीही थांबलो. कापलेल्या टोकाला ओल आली, ओलीचा थेंब झाला, आणि स्वच्छ पाण्यासारखा तो थेंब लोंबू लागला. पिएत्रोने आबांचं बोट धरून त्याखाली नेलं. टप्. मग दुसरा थेंब.

“म्हणतात, ह्यांच्या वडलांनी लावलेला वेल आहे,” मंगल हळू आवाजात म्हणाली. “झोपला होता, आता जागा होतोय.”

‘डॉरमंट’, म्हणजे सुप्त, या शब्दाचा अर्थ मी शेकडो मुलांना फळ्यावर लिहून दिला होता. तो असा माणसाच्या बोटावर पडताना कधी पाहिला नव्हता.

आबांनी तो थेंब अंगठ्याने बोटावर चोळून पाहिला. मग म्हणाले, “मंगल, इचार त्यांला. येल मेला म्हनायला किती थांबतेत?”

पिएत्रोने कात्री मिटून खिशात ठेवली. एका वर्षी हिमाने अख्खी टेकडी करपली होती, तो म्हणाला. आम्ही काही उपटलं नाही. पुढचं वर्ष येऊ दिलं. बऱ्याच वेली जमिनीपासून पुन्हा फुटल्या.

मंगलने ते सांगितलं आणि आबांनी मान खाली घातली.

वर गावात चौकातल्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो, मंगल गाडी लावायला गेली होती. आबा म्हणाले, “कुसुम म्हनलती, एक पाऊस बघू. मी ऐकलं न्हाई. लोक हसायलेत म्हनून घाई केली, जेसीबी आनला.”

मी बाकावर त्यांच्याकडे थोडी सरकले.

“दिसभर बांधावर बसलती ती. येकटी. मी लाजंनं तिकडं फिरकलोच न्हाई, तेलगावच्या स्टँडवर हिंडत ऱ्हायलो. येक मानूस तिच्याजवळ बसाया गेलं न्हाई, वहिनी. मीबी न्हाई.”

चर्चची घंटा वाजायला लागली. ती थांबेपर्यंत आम्ही दोघंही समोरच्या टेकड्या पाहत राहिलो. मग आबांनी टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली, आणि गाडीकडे चालू लागले.

मुलांनो, तेलगावच्या त्या एकरात आता कापूस असतो. मांडवाचे चार दगडी खांब आणि त्यांच्यामधली तार मात्र अजून तिथे आहे. आबांनी ती कुणाला काढू दिलेली नाही.

— तुमची आजी