रबराला खोबरेल

शांताबाईंचं परतीचं विमान गुरुवारी होतं आणि लेकाबरोबरचा एक अख्खा दिवस अजून त्यांच्या वाट्याला आला नव्हता. पुण्याहून ब्रेडा या डच शहरात येऊन त्यांना अडीच महिने होत आले होते. सोमवार ते शुक्रवार सुमित ऑफिसचा, शनिवारी घरकामाचा आणि रविवारी समुद्राच्या तळाचा. तिथे तो बिनकण्याच्या जिवांचे फोटो काढायचा. समुद्री गोगलगायी, खेकडे, आणखी कायकाय. तेही अशा गार पाण्यात की जूनमध्येसुद्धा काठावरची माणसं जॅकेट घालून उभी. इथे चांगली कणा असलेली आई समोर बसलीय, तिच्याकडे बघायला याला वेळ नाही, असं त्यांनी नवऱ्याला, बळवंतरावांना, फोनवर ऐकवलंही होतं.

आता हा एकच रविवार उरला होता आणि त्यावर सेपियाने आधीच हक्क सांगितला होता. सेपिया म्हणजे आपली माकूळ. ती अंडी घालायला झीलंडच्या खाडीत येते आणि जून संपता संपता नाहीशी होते. अंडी घालताना तिचा फोटो मिळावा म्हणून सुमित तीन वर्षं झुरत होता. पहिल्या वर्षी त्याचं प्रशिक्षण अर्धवट होतं, दुसऱ्या वर्षी ऑफिसच्या नव्या सिस्टिमचं गो-लाइव्ह आडवं आलं, तिसऱ्या वर्षी वाऱ्याने पाणी इतकं गढूळ केलं की त्याला स्वतःचा हात दिसेना. यंदाचा पुढचा शनिवार-रविवार पुन्हा ऑफिसने घेतला होता. "तळून छान लागते म्हणतात," एवढं शांताबाई एकदा बोलल्या आणि घरात दोन दिवस अबोला राहिला.

दर रविवारी पाण्यातून आला की सुमितच्या गळ्याभोवती लाल वळ उठलेला असायचा. त्याच्या ड्रायसूटला आत पाणी शिरू नये म्हणून गळ्याशी आणि मनगटांशी रबराच्या घट्ट पट्ट्या होत्या, त्यांचा हा प्रताप. ते बघून आईचा जीव तुटायचा. मंगळवारी तो ऑफिसला गेल्यावर शांताबाईंनी पुण्याहून आणलेली खोबरेलची बाटली काढली आणि बाथरूममध्ये टांगलेल्या सूटच्या गळ्याला तासभर तेल चोळलं. लहानपणी त्याच्या टाळूला घालायच्या, तेवढ्याच मायेने. रबर मऊसूत झालं. आपण लेकाच्या काहीतरी उपयोगी पडलो, या समाधानात त्यांनी भाकरीही एक जास्त खाल्ली.

शनिवारी दुपारी ही कामगिरी त्यांनी बळवंतरावांना सांगितली. बळवंतराव एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले.

"रबराला तेल?" ते म्हणाले. "शांता, चौतीस वर्षं गाड्यांखाली काढली मी. तेल लागलं की रबर फुगतं, सडतं आणि ऐन वेळी दगा देतं. पोराला सांग आधी."

पलीकडच्या खोलीत सुमित व्हॅक्यूम फिरवत होता. नवं रबर मिळणारं डायव्हिंगचं दुकान पाच वाजेपर्यंत उघडं होतं. एक वाक्य बोलण्याचा अवकाश होता. पण शांताबाईंच्या मनात दुसराच हिशेब सुरू झाला. रबर फाटलं, तर सूट नाही. सूट नाही, तर समुद्र नाही. समुद्र नाही, तर लेक घरी. शांताबाई काही वाईट बाई नव्हत्या. अडीच महिने उपाशी असलेल्या माणसापुढे ताट आलं, तर ते कोणाचं हे तो लगेच विचारत नाही, इतकंच. त्या घड्याळाकडे बघत बसल्या आणि पाच वाजू दिले.

मग मन खायला लागलं. प्रायश्चित्त म्हणून संध्याकाळी त्या आपणहून म्हणाल्या की तुझे सगळे फोटो दाखव बघू मला. सुमितने आनंदाने लॅपटॉप टीव्हीला जोडला. तीनशे फोटो वीस मिनिटांत संपले. ही गोगलगाय, हीही गोगलगाय, पुढचा, पुढचा. शांताबाईंना फक्त फोटो पुढे सरकवणारा त्याचा अंगठा लक्षात राहिला.

रविवारी आई प्रथमच बरोबर निघाली. झिरिकझे गावाजवळच्या बांधावर विम वाट बघत होता. विम म्हणजे सुमितचा पाण्यातला जोडीदार, निवृत्त शाळामास्तर. त्याने शांताबाईंना हात जोडून "जय भीम" घातला, तो त्याला सुमितने शिकवलेला. भरती-ओहोटीच्या मधे पाणी थोडा वेळ स्थिर राहतं, तेवढ्यातच उतरायचं. साडेदहाची वेळ गाठायची म्हणून दोघांची घाई चालली होती.

सुमितने डोकं रबरातून बाहेर काढलं आणि शांताबाईंनी त्याच्या पलीकडचं पाणी पाहिलं. काळपट, हलणारं, तळ न दिसणारं. त्यांच्या मनातलं रबर आजवर घरीच फाटत होतं. ते तिथे खाली फाटलं तर काय होईल, हा विचार त्यांना आत्ता आला. त्यांनी त्याची बाही धरली.

"सुमित, तू आत नको जाऊस."

"आई, आता वेळ नाहीये. काय झालं?"

"मी त्या रबराला तेल लावलंय. मंगळवारी. ते सडतं म्हणून बाबांनी मला काल दुपारीच सांगितलं. दुकान उघडं होतं, तरी मी तुला बोलले नाही."

"का?"

"तू घरी राहशील म्हणून."

सुमित खाली बघत हसला. "आई, मला बुधवारीच कळलं. बाथरूमभर खोबऱ्याचा वास होता. विमने गुरुवारी नवीन रबर बसवून दिलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

विमला हे सगळं भाषांतर करून सांगावं लागलं. तो पोट धरून हसला आणि त्याने तो तेलाचा प्रकार पुन्हा पहिल्यापासून ऐकला. उतरण्याआधी काठावर एक फोटो काढून कॅमेरा तपासायची सुमितची शिस्त होती, तेवढी मिनिटं यात गेली. दोघे तसेच पाण्यात शिरले. शांताबाई थर्मास घेऊन बांधावर बसल्या. कबुलीजबाब फुकट गेला होता आणि रविवारही.

पन्नास मिनिटांनी सुमित वर आला तो हसतच. तीन वर्षांनी त्याला ती भेटली होती. हाताच्या अंतरावर, अंडी घालताना. दोनशे फोटो काढले होते. आईला पहिला फोटो दाखवायचा म्हणून त्याने बटण दाबलं, तर पडद्यावर एवढंच आलं की आत कार्डच नाही. कार्ड ब्रेडात होतं, लॅपटॉपमध्ये, काल संध्याकाळच्या कार्यक्रमापासून. कॅमेरा प्रत्येक फोटो दोन सेकंद दाखवत होता आणि विसरत होता.

तेलाने जे बिघडवलं नाही, ते प्रायश्चित्ताने बिघडवलं होतं. पण विमकडे एक जास्तीचं कार्ड होतं आणि गाडीत दोघांसाठी हवेच्या भरलेल्या टाक्याही. पाणी पुन्हा पावणेपाचला स्थिर होणार होतं. तेव्हा उतरू, असं ठरवून विम गाडीत झोपायला गेला. सुमित मात्र गुडघ्यांत मान घालून बसला. आईने डब्यात आणलेले धपाटे त्याने खाल्ले, पण चटणी न घेता, नुसतेच.

चार वाजत आले तेव्हा शांताबाईंनी भीत भीत विचारलं, "होती तरी कशी ती?"

सुमितने सवयीने अंगठा उचलला. सरकवायला काहीच नव्हतं. मग त्याने दोन्ही हात वर केले आणि बोटं हलवून दाखवली. अंगावर झेब्र्यासारखे पट्टे, ते क्षणात पुसायचे, क्षणात उमटायचे. काळ्या द्राक्षांसारखी अंडी, ती एकेक करून तळाशी रोवलेल्या काठीला बांधत होती. नर बाजूला पहारा देत होता, दुसरा आला की हात फुगवून त्याच्यावर जायचा. सुमित उभा राहून नर झाला, मग बसून मादी झाला. शाळेतून आल्यावर दप्तर न काढता बोलायचा, तसा बोलत होता. शांताबाईंना वाटलं, याच्यासाठीच तर आपण एवढ्या लांब आलो.

"आणि पिल्लं? ती कधी बघते?"

"नाही बघत. अंडी घालून झाली की मरते ती."

"बरंय तिचं," शांताबाई म्हणाल्या. "वाट तरी बघावी लागत नाही."

सुमित आईला अगदी खेटून बसला आणि नराची गोष्ट जिथे सोडली होती तिथून त्याने पुन्हा धरली. त्याची पाठ पाण्याकडे होती. विम गाडीतून उतरून बांधाच्या पायऱ्यांशी उभा होता. त्याने शांताबाईंकडे पाहून मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. अडीच महिने फ्रिजवरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून शांताबाईंना त्याचा अर्थ चांगला कळत होता. वीस मिनिटांत पाणी स्थिर होणार होतं आणि मग लगेच फिरणार होतं. एक वाक्य बोलण्याचा अवकाश होता.

त्यांनी विमला लांबूनच विनवणीने हात जोडले आणि लेकाकडे वळून विचारलं, "मग तो दुसरा नर काय म्हणाला?"